उभ्या बाजेची हकीकत

मी एक जुनी बाज आहे आणि मी उभी आहे.

मित्रांनो, बाजेने आडवं असावं असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. पण गेली कितीतरी वर्षं मी उदगीरला, धान्यबाजाराच्या मोंढ्यामागच्या एका घरात, दिवसभर भिंतीला टेकून उभी असते. पाहुणे येतात, माझ्याकडे बघून हळहळतात, "बिचारी! अडगळीत पडली." कोणी माझ्या खुरावर, म्हणजे पायावर, ओला टॉवेल वाळत टाकतं. एक तर मी पडलेली नाही, उभी आहे. दुसरं म्हणजे ही अडगळ नाही, हे माझं काम आहे. उभं राहून माणसांना झोपवण्याचं काम. हे कसं काय, ते मला स्वतःला अजून पुरतं उमगलेलं नाही. मी आपलं घडलं तसं सांगते. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कदाचित कळेल.

माझा जन्म निजामाच्या राज्यात झाला. देवणीच्या वाटेवर एक बाभूळ होती, ती वादळात पडली. शिवलिंग सुताराने ती आणली. "ह्या झाडाखाली दुपारची गुरं झोपायची. झोपेचं लाकूड हाय हे," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गुरं झोपत नव्हती, रवंथ करत होती. पण मी तेव्हा नुसतं लाकूड होते, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. त्याने माझे चार खूर घडवले, चार दांडे बसवले, अंबाडीच्या सुंभाने मला घट्ट विणलं आणि उरलेलं लाकूड जपून कोपऱ्यात ठेवलं. त्या उरलेल्या लाकडाकडे लक्ष ठेवा. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

मला घेतलं विरूपाक्षप्पांनी. ते मोंढ्यातले धान्याचे व्यापारी. त्या काळी मोंढ्यात भाव तोंडाने बोलत नसत. व्यापारी आणि दलाल हातात हात घेत, वर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. बाहेरच्याला फक्त हललेला रुमाल दिसे. रुमालाखाली दिलेला शब्द कोणाला मागे घेता येत नसे. विरूपाक्षप्पांचा हात सगळ्या मोंढ्यात नावाजलेला होता. "अप्पांचं बोट म्हंजे दगडावरची रेघ," असं दलाल रेवणसिद्ध म्हणायचा. "रुमाल हलत बी न्हाई."

त्यांचा हात जसा नावाजलेला, तशी त्यांची झोपही. एक पाय माझ्यावर आणि दुसरा जमिनीवर असतानाच त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. दुसरा पाय त्यांच्या पत्नी दानम्मा उचलून ठेवायच्या. पाहुणे माझं कौतुक करायचे, "काय बाज हाय हो! माणूस पडला की गेला." ते ऐकून मला वाटायला लागलं की झोप माझ्यातच आहे. सुंभासारखी आत विणलेली आहे. जो पडेल त्याला मिळेल. किती तरी वर्षं मी याच समजुतीत सुखाने आडवी होते.

मग त्यांच्या थोरल्या लेकीला, शिवगंगेला, बिदरला सासरी मुलगा झाला. बारशाला आजोळचा पाळणा न्यायचा होता. शिवलिंग सुताराने उरलेल्या बाभळीचा पाळणा केला. म्हणजे तो माझा धाकटा भाऊ. दानम्मा आधीच बिदरला गेल्या होत्या. विरूपाक्षप्पांनी पाळणा घेऊन पहाटेच्या रेल्वेने निघायचं ठरलं. पाळणा रात्रीच बैलगाडीवर बांधून ठेवला.

झोप लागली तर गाडी चुकेल, म्हणून विरूपाक्षप्पा जागे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच. गाडीची वेळ जवळ आली तेव्हा त्यांना वाटलं, एवढे जागलोच आहोत, तर आता जरा पडावं. ते पडले. मी माझं काम केलं. बाहेर गाडीवान संगप्पा झोपला होता. मालक आपल्याला उठवतील असं त्याला वाटत होतं आणि संगप्पा आपल्याला उठवील असं मालकांना. रेल्वेला दोघांबद्दल काहीच वाटत नव्हतं. ती वेळेवर गेली.

बिदरला बाळाचं बारसं सुपात झालं. शिवगंगेच्या सासूबाई म्हणाल्या, "आजोबा झोपले का? झोपू द्या, झोपू द्या. आमच्याकडं सूप हाय."

हे वाक्य त्या रात्रीच्या आत उदगीरला पोचलं. विरूपाक्षप्पा माझ्यावर आडवे झाले आणि मनाशी म्हणाले, "आज झोप येईल का?"

मित्रांनो, माझ्यावर आजवर माणसं आली, मांजरं आली, एकदा एक शेळी आली. पण प्रश्न घेऊन कोणी आलं नव्हतं. मी गोंधळले. विरूपाक्षप्पाही गोंधळले. झोपही बहुधा गोंधळली असावी, कारण ती आली नाही.

आता यात मला न कळलेली गोष्ट अशी. रेल्वे गेली. बारसं झालं. सासूबाईंचा रागही गेला. जागायचं कारण सगळं संपलं, पण जागरण काही संपेना. लग्नाला आलेला पाहुणा वऱ्हाड गेल्यावरही ओसरीवर मुक्काम ठोकून बसावा, तसं ते बसलं. विरूपाक्षप्पांना वाटलं, झोप कमी पडते तर बाजेवर जास्त वेळ पडलं पाहिजे. ते दिवा लागायच्या आधीच पडू लागले. सकाळी उशिरापर्यंत पडू लागले. दुपारीही पडू लागले. अप्पांना बरं नाही म्हणून ताट माझ्यावर येऊ लागलं. व्यापारी माझ्यावर येऊन बसू लागले. हिशेब, काळजी, भांडण, सगळं माझ्यावर. माझ्यावर सगळं होऊ लागलं, फक्त झोप सोडून.

दानम्मांनी पहिला संशय ढेकणांवर घेतला. मला अंगणात काढून माझ्यावर उकळतं पाणी ओतलं. ढेकूण गेले. त्यांची झोप मात्र चांगली होती, हे नमूद केलं पाहिजे.

मग दिशा. मी पूर्वेला डोकं करून होते. कोणी म्हणालं, पूर्वेने डोक्यात विचार येतात. दक्षिण तर यमाची. उत्तरेला करून पाहिलं, पश्चिमेला करून पाहिलं, शेवटी यमाच्या दक्षिणेलाही. त्या खोलीतून बाहेर न पडता मी चारी दिशांची यात्रा केली. आता वर तेवढी राहिली होती. ती पुढे हकीमसाहेबांनी सांगितली.

रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. वाटी काळी पडली, घासणाऱ्या दानम्मा बसल्या जागी झोपल्या, आणि विरूपाक्षप्पा त्यांच्या अंगावर पांघरूण घालून परत येऊन जागे राहिले. खसखशीची खीर झाली. दुधात जायफळ झालं. मग कचेरीतले पेशकार दत्तोपंत आले. ते उर्दू शिकलेले, हैदराबाद पाहिलेले, तेव्हा त्यांचं म्हणणं सगळे ऐकत.

"अप्पा, तुमच्या दिमागाला आराम पाहिजे," ते म्हणाले. "हैदराबादेस जो तो चहा पितो. कसे निवांत बसलेले असतात!"

"त्यानं झोप येती?"

"बेशक. मी स्वतः पितो."

दिवेलागणीला एक पेला चहा सुरू झाला. झोप आली नाही, म्हणून दोन पेले केले. तीन पेल्यांनंतर विरूपाक्षप्पा इतके जागे झाले की त्यांना शेजारच्या गल्लीतल्या मांजराचं पाऊल ऐकू येऊ लागलं. दत्तोपंतांना विचारलं, तर ते म्हणाले, "मलाही ऐकू येतं. त्यात काय?"

सगळ्यात वाईट म्हणजे समाचाराला येणारी माणसं. आमच्याकडे कोणाला बरं नसलं की सगळा गाव येऊन विचारून जातो. जो येई तो माझ्यावर बसे आणि विचारी, "मग, लागली का झोप?" विरूपाक्षप्पा नाही म्हणत. मग समोरचा मान हलवून म्हणे, "आमच्या बिलोलीच्या साडूचं असंच झालं व्हतं."

"मग?"

"मग काय, बरा झाला. मग त्याला साप चावला."

एवढं सांगून तो उठून जाई आणि दुसरा येऊन बसे. माझ्या सुंभाला झोळ पडला. दानम्मा माझ्याकडे बघून म्हणू लागल्या, "ही बाजच करंटी हाय. फोडून चुलीत घालते." मी काहीच केलं नव्हतं. खरं म्हणजे हीच माझ्याविरुद्ध तक्रार होती.

आणि मग मोंढ्यात ते घडलं. मी मोंढ्यात कधी गेले नाही, पण मोंढ्यातले सगळे माझ्यावर येऊन सांगून गेले, त्यामुळे मी पाहिल्यासारखंच आहे. करडईची एक मोठी रास विकायला आली होती. रेवणसिद्धाने रुमाल टाकला. विरूपाक्षप्पांनी हात दिला. हात हातात गेला, वर रुमालाची सावली पडली, आणि दिवसभर माझ्यावर डोळे ताठ करून पडणारे विरूपाक्षप्पा तिथे उभ्या उभ्या झोपले. झोपेत माणसाचा हात दचकतो. तो दचकला, बोट दाबलं गेलं, भाव चढला. परत दचकला, परत चढला. रुमाल धरलेल्या कबुतरासारखा फडफडत होता. दुसरा कोणी घेणाराच नव्हता. विरूपाक्षप्पा स्वतःच्याच वर भाव चढवत होते. शेतकऱ्याला वाटलं, आपली करडई सोन्याची आहे.

शब्द मागे घेता येत नव्हता. करडई घरी आली. पोत्यांवर पोती. माझ्या डोक्याशी पोती, पायाशी पोती, वर आढ्यापर्यंत पोती.

त्या संध्याकाळी रेवणसिद्ध आला. आज पहिल्यांदाच तो माझ्यावर न बसता उभा राहिला. "अप्पा, राग मानू नका," तो म्हणाला. "सगळा मोंढा हसून राहिलाय. तुमची झोप पुरी होईपर्यंत तुमचा हात मी रुमालाखाली घेणार न्हाई."

"अन् न्हाईच झाली तर?"

रेवणसिद्धाने रुमाल घडी करून खांद्यावर टाकला.

"हात काढला तर माझ्याजवळ राहिलं काय, रेवणसिद्धा?" विरूपाक्षप्पा म्हणाले. तो गेल्यावर ते कितीतरी वेळ आपला उजवा हात मांडीवर ठेवून बघत बसले. जणू तो कोणाचा तरी इथे राहून गेला होता. त्या रात्रीपासून त्यांनी झोपेला जोर लावायला सुरुवात केली. पोतं उचलताना माणूस दात-ओठ खातो, तसे दात-ओठ खाऊन ते झोपत. मी खाली कुरकुरत असे.

पुढची हकीकत कळायला आमच्या घरची एक रीत माहीत पाहिजे. विरूपाक्षप्पा लिंगायत. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर आपलं इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसत. आणि लिंगायतांत माणूस वारला की त्याला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. कपाळाला भस्म लावतात, तळहातावर लिंग ठेवतात, पाठीला भिंत देतात.

झालं असं की त्या सकाळी दानम्मा विहिरीवर गेल्या होत्या. विरूपाक्षप्पा भिंतीशी चटईवर पूजेला बसले. डोळे मिटले. पूजेच्या वेळी ते झोपेचा विचार करत नसत, ते बरं दिसलं नसतं. आणि त्याच वेळी निलंग्याहून त्यांची धाकटी बहीण सिद्धम्मा भावाच्या समाचाराला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी पाहिलं. भाऊ बसलेला, डोळे मिटलेले, कपाळाला भस्म, तळहातावर लिंग, पाठीला भिंत. हाक मारली, तर ओ नाही.

"अय्यय्यो! अण्णाऽऽ! कसा गेलास रे! बहिणीसाठी थांबला न्हाईस रे!"

सिद्धम्मांचा आवाज निलंग्यात प्रसिद्ध होता. त्या दिवशी उदगीरलाही झाला. शेजारी आले. मोंढा बंद झाला. रेवणसिद्धाने पागोटं काढून छातीशी धरलं. "कालच माझ्याकडून चहा घेतला होता," म्हणून दत्तोपंतांनी डोळे पुसले. अंत्यविधीसाठी मठातल्या भीमाशंकर स्वामींना बोलावणं गेलं. कोणीतरी बांबू आणायला गेलं. रडणाऱ्या माणसांनी खोली भरली आणि जागा नव्हती म्हणून उरलेली माणसं करडईच्या पोत्यांवर चढून रडू लागली. मी ओरडून सांगणार होते की त्यांचं पोट हलतंय. पण बाज ओरडत नाही, कुरकुरते, आणि ती कुरकुर सिद्धम्मांच्या पुढे काय ऐकू येणार?

हळूहळू विरूपाक्षप्पांनी डोळे उघडले. समोर सगळा गाव रडत होता. त्यांनी लिंगाला डोळे लावले, ते गळ्यात नीट ठेवलं आणि शेजारधर्म म्हणून स्वतःही डोळ्यांना उपरणं लावून विचारलं, "कोण गेलं?"

कोणी बोलेना. अशी बातमी घरच्या माणसाला एकदम कशी सांगायची?

शेवटी सिद्धम्मा हुंदका आवरत म्हणाल्या, "तूच की रे, अण्णा!"

"मी? कवा?"

"आत्ताच. सकाळी."

विरूपाक्षप्पा विचारात पडले. तोंडावरून असं वाटलं की ते मान्य करतात. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे मला झोप लागली व्हती?"

"हाव," रेवणसिद्ध म्हणाला. "मेल्यासारखी."

"मग उठवलं कशाला?" असं म्हणून विरूपाक्षप्पा खरोखर रडू लागले.

इतक्यात नाडी बघायला बोलावलेले हकीमसाहेब दारात आले. पांढरी दाढी, हातात छडी. "मय्यत किधर है?" त्यांनी विचारलं.

"जेवायला बसली," कोणीतरी सांगितलं.

हकीमसाहेब हसले, पण परत गेले नाहीत. त्यांनी नाडी पाहिली. मग सगळी हकीकत ऐकली, रेल्वेपासून करडईपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "अप्पा, इतक्या दिवसांत झोप कुठे कुठे लागली?"

"आज चटईवर लागली. संगप्पाच्या गाडीत लागती. पोत्याला टेकून लागती."

"माझ्या हातात लागली की," रेवणसिद्ध म्हणाला.

"आणि हिच्यावर?" हकीमसाहेबांनी छडी माझ्या दांड्यावर ठेवली.

"न्हाई."

"आज तळहातावर तुमचं लिंग होतं. झोपेत हात हलला?"

"हलला असता तर मी रडले असते का?" सिद्धम्मा रागाने म्हणाल्या.

हकीमसाहेब बराच वेळ दाढीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता कुऱ्हाड मागतात. "अप्पा, तुमची नींद हरवली नाही," ते म्हणाले. "हात पण शाबूत आहे. जिथे तिला कोणी बोलावलं नाही, तिथे ती येते. इथे, या बाजेवर, तुम्ही रोज तिला पकडायला दबा धरून बसता. सगळा गाव बसतो. शिकाऱ्याच्या अंगणात कबूतर उतरतं का?"

"मग दवा द्या. अफू द्या."

"अफूने पडाल, झोपणार नाही. दवा ही." ते परत माझ्याकडे वळले. "हिला उभी करा."

मला तर आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

"दिवसभर ही भिंतीला उभी राहील. हिच्यावर जेवण नाही, बैठक नाही, फिकीर नाही. दिवसा कितीही डोळे मिटले, तरी पडायचं नाही. रात्री डोळे जड होऊन आपोआप मिटायला लागले, तरच हिला आडवी करायची. पडलात आणि नींद आली नाही, तर तिथे लोळत राहायचं नाही. उठायचं. दुसऱ्या जागी जाऊन काहीतरी कंटाळवाणं काम करायचं. परत डोळे जड झाले की परत यायचं. आणि रात्र कशीही जावो, सकाळी पूजेच्या वेळेला उठायचं म्हणजे उठायचं."

"कंटाळवाणं काम कंचं करू?"

हकीमसाहेबांनी वर बघितलं. आढ्यापर्यंत करडई होती. "निवडा," ते म्हणाले. "आणि दुपारनंतर चहा बंद. सगळ्यात मोठं म्हणजे, यांना झोप आली का, हे कोणीही विचारायचं नाही. घरातल्यांनी नाही, गावाने नाही, यांनी स्वतःलाही नाही."

मित्रांनो, अशा रीतीने मला उरलेली दिशा मिळाली. मला उभं केलं तेव्हा घेरीच आली. जे खूर जन्मभर जमिनीवर होते, ते हवेत माणसांकडे रोखलेले. माझं काम झोपवणं, आणि मला त्यापासून लांब ठेवलं म्हणजे झोप येणार! शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखी मी भिंतीशी उभी राहिले आणि आपण काय केलं ते आठवत राहिले.

सुरुवातीला सगळं जास्तच बिघडलं. विरूपाक्षप्पा दिवसा चालता चालता भिंतीला जाऊन लागत. बोलताना वाक्याच्या मधेच डोळे मिटत. "आक्का, घटकाभर पडू दे की त्यांना," दानम्मा नणंदेला म्हणत.

पण सिद्धम्मा परत निलंग्याला गेल्याच नव्हत्या. भावाला एकदा मेलेलं पाहून झाल्यामुळे त्याचं नुसतं पेंगणं त्यांना विशेष वाटत नव्हतं. "न्हाई. हकीमानं सांगितलंय," असं म्हणून त्या भावाला उठवून बाजारातून मीठ आणायला पाठवत. त्या आठवड्यात आमच्या घरात एवढं मीठ झालं की शेजारीही घेऊन जात.

समाचाराला येणाऱ्यांसाठी सिद्धम्मा दारातच बसत. "झोपेचं नाव काढायचं न्हाई," त्या आधीच बजावत. माणूस आत येई, बसायला मला शोधी, मी उभी दिसे. तो उभ्यानेच हवापाण्याचं बोले आणि कासावीस होऊन निघून जाई. एकदा रेवणसिद्ध बराच वेळ तूर, ज्वारी, जवस सगळं बोलून झाल्यावर राहवेना म्हणून म्हणाला, "बाकी... रात्री चांदणं कसं व्हतं, अप्पा?"

"अमावस्या हाय," सिद्धम्मा दारातून म्हणाल्या. "चल, नीघ."

रात्री मला आडवी करत, विरूपाक्षप्पा पडत, उठत, करडई निवडायला जात. करडईइतकं कंटाळवाणं काही नाही. पांढरा दाणा, पांढरा दाणा, खडा, पांढरा दाणा. आधी ते पुष्कळदा उठत. मग कमी उठू लागले. दिवसा न पडल्यामुळे रात्री डोळे कसे ओढले जात. आणि माझ्यावर येताना त्यांचे दात-ओठ आता आवळलेले नसत. हळूहळू माझ्यावर बैठका झालेल्या, भांडणं झालेली, साडूला साप चावलेला, हे सगळं जणू सुंभातून झडून गेलं. म्हणजे असं मला वाटतं. मी काही हकीम नाही.

पण एक दिवस भलतंच संकट आलं. करडई संपली. सगळी रास निवडून झाली. असं स्वच्छ धान्य उदगीरने पाहिलं नव्हतं. घरात सगळे घाबरले. आता रात्री उठून करायचं काय? दानम्मांनी तांदळात मूठभर खडे टाकून ठेवायचं सुचवलं. त्या विचारातच विरूपाक्षप्पा माझ्यावर आले, एक पाय वर घेतला आणि म्हणाले, "उद्या रेवणसिद्धाला सांगतो, आणखी दोन पोती करडई..."

वाक्य तिथेच राहिलं. दुसरा पाय जमिनीवरच होता.

दानम्मा वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिल्या. सिद्धम्मा पुढे आल्या आणि भावाच्या नाकाशी बोट धरलं. "ह्या खेपेला खात्री करूनच रडीन," त्या पुटपुटल्या. बोटाला श्वास लागला. मग दानम्मांनी पुढे होऊन तो दुसरा पाय उचलून माझ्यावर ठेवला. हलक्या हाताने, पूर्वी ठेवत तसा.

सकाळी विरूपाक्षप्पा पूजेच्या वेळेला उठले. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच बोलता येत नव्हतं. दानम्मा चुलीकडे तोंड करून हसत होत्या. सिद्धम्मांचं तोंड भाकरी कोंबल्यासारखं फुगलं होतं. शेवटी दानम्मांनी वाट काढली. "अवो, करडईचं काय म्हणत व्हता?"

"कसली करडई?" विरूपाक्षप्पा म्हणाले. त्यांना काही आठवत नव्हतं.

त्यांनी मला उचलून भिंतीला उभं केलं आणि मोंढ्यात गेले. घरात मग कोणाचं कामात लक्ष लागेना. दानम्मांनी तेच भांडं चारदा घासलं. दुपारी दारात रेवणसिद्ध आला. सिद्धम्मांनी बोट उगारलं, "झोपेचं नाव..."

रेवणसिद्धाने मान हलवली. त्याला काही विचारायचं नव्हतं. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, दोन्ही हातांनी सरळ धरून दानम्मांना दाखवला आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, हलला न्हाई."

दानम्मा पदर तोंडाला लावून रडू लागल्या. नवरा वारला त्या वेळी त्या विहिरीवर होत्या, त्यामुळे त्यांचं रडायचं राहून गेलं होतं.

मित्रांनो, तेव्हापासून मी अशी उभी आहे. विरूपाक्षप्पा पुढे पुष्कळ वर्षं जगले. पुढच्या नातवाच्या बारशाला ते पाळणा घेऊन वेळेवर रेल्वेत बसले. फक्त गाडीत झोप लागली, त्यामुळे माझा धाकटा भाऊ बिदरच्या पुढे जाऊन, मुलूख बघून, मग परत आला. त्या बाळाचंही बारसं सुपात झालं. सासूबाई या वेळी काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सूप आधीच धुऊन ठेवलं होतं.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतील, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. त्यांचं बरोबर असेल. माझी विनंती उलटी आहे. माझी काळजी घ्यायची तर मला वापरू नका. दिवसा माझ्यावर लोळत अभ्यास करू नका, खाऊ नका, रुसून पडू नका. उद्याची काळजी माझ्यावर आणू नका, ती सुंभात अडकते आणि मग निघता निघत नाही. आणि घरात कोणाला झोप येत नसेल, तर त्याला सकाळी उठल्या उठल्या विचारू नका. त्याच्याजवळ बसा आणि काहीतरी निवडायला द्या.

झोप माझ्यात नसते, एवढं मला आता कळलं आहे. ती कुठे असते, ते अजून कळलेलं नाही. तिची वाट मात्र कोणी बघू नये. मी सुद्धा बघत नाही. मी आपली भिंतीकडे बघते.

आता दिवेलागण होत आली. कोणाचे डोळे जड झाले, तर मला आडवी करतील. तोवर माझ्या खुरावरचा तो ओला टॉवेल तेवढा कोणीतरी काढा. मी कामावर आहे.